मूळचे कुठले?

डोंगराच्या कुशीतल्या सातेवाडीत घरं चाळीस, आणि निम्म्यांना कुलूप. तरणी माणसं पोटामागं पुण्याला गेलेली. सरपंच गोदाक्का रोज त्या कुलपांकडे बघत पंचायतीत जायच्या, त्यांच्या लेकाच्या दाराचं कुलूपही त्यातच होतं.

एक दिवस तालुक्याहून पंचायत विभागाचे साहेब ग्रामसभेला आले. गोदाक्कांनी रीतीप्रमाणे आधी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "साहेब, मूळचे कुठले?"

"आम्ही हिंगणखेड्याचे," साहेब म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला. "नदीकाठी आमची चिंच होती हो. वीस वर्षांत जाणं झालं नाही."

फाइल उघडली तसा तोच आवाज करडा झाला. "तुमची पंचायत शेजारच्या वडगव्हाणात विलीन करा. सरकार पन्नास लाखांचं अनुदान देतंय. गावाचं नाव कवटाळून काय बसता? नावानं पोट भरतं का?"

सभेत कुजबुज सुरू झाली. पन्नास लाख म्हणजे दारोदार नळ.

गोदाक्कांनी सहज विचारलं, "साहेब, हिंगणखेड्याची पंचायत कशी चाललीय?"

"ती कुठली आता! मागंच भोजापुरात विलीन झाली."

"मग मघाशी तुम्ही भोजापूरचे का नाही म्हणालात?"

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. गोदाक्का हळूच म्हणाल्या, "आमच्या पोरांनाही तिकडं कुणीतरी पाणी देऊन हेच विचारत असेल, साहेब. त्यांचं उत्तर विकायला आम्ही कोण?"

साहेबांनी फाइल मिटली आणि आणखी एक तांब्या पाणी मागितलं.