चार बोटांचा बांध

फार वर्षांपूर्वी, म्हणजे खाडीवर पूल नव्हता आणि तिवरखारला यायचं तर आधी भरती-ओहोटी बघून निघावं लागे, त्या काळची ही गोष्ट. आता सगळे खाली बसा. मागे उभं राहून मोबाइल बघताय त्यांनीही बसा. उद्या नारळी पौर्णिमा आहे, आणि बांधावर जायचं तर कशासाठी जातोय ते ठाऊक असलेलं बरं.

आज हायवेवरून उतरलं की डाव्या हाताला वरचा पाडा लागतो. मग गावदेवीचं देऊळ आणि तळं, मग खालचा पाडा, त्याच्या मागे पंचवीस मजल्यांचे टॉवर, आणि सगळ्यांच्या शेवटी बांध. तेव्हा टॉवर नव्हते आणि हायवेही नव्हता. पाठीशी डोंगर आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना खाडी. आपली जमीन तर भरतीच्या पाण्याहून खाली. जुन्या माणसांनी चिखलावर चिखल थापून कोसभर लांब बांध घातला, खाडी बाहेर ठेवली आणि आत भात पिकवलं. पण खारं पाणी एकदा का आत शिरलं की जमीन तीन वर्षं रुसून बसायची. तीन वर्षं भात नाही म्हणजे गाव उठलंच म्हणून समजा.

गावात तेव्हा साठ घरं होती, म्हणून बांधाचे साठ वाटे केलेले. दर वाट्याच्या दोन्ही टोकांना खुंट. ज्याचा वाटा त्याने राखायचा, आणि दुसऱ्याच्या वाट्याला कोणी हात लावायचा नाही. शेजाऱ्याच्या बांधावर तुम्ही चिखलाचा एक गोळा जरी थापला, तरी त्याचा अर्थ व्हायचा की या घरात आता बांध राखणारं कोणी उरलं नाही. याच्यापायी लग्नं मोडली होती. आपली माणसं अशी की शेजाऱ्याचा बांध डोळ्यांदेखत पाझरतोय तरी मान वळवून तंबाखू मळत बसतील, पण त्याचा अपमान करणार नाहीत. केवढी ही माणुसकी!

तर त्या गावात पदीबाय होती. खालच्या पाड्यातलं शेवटचं घर तिचं. नवरा होडीबरोबर गेला तो आलाच नाही, आणि मूलबाळ नव्हतं. लहानपणी भात कापताना इळा लागून तिच्या उजव्या हाताची करंगळी गेली होती, त्यामुळे हाताला चारच बोटं. बांधाचा शेवटचा वाटा तिचा, आणि तिचं शेतही सगळ्यात खोलगट. बांध कुठेही फुटला तरी पाणी आधी तिच्याच भातात येणार. नवऱ्यामागे ती एकटीने वाटा राखायची, आणि तो इतका चांगला राखायची की त्यावर म्हैस चालली तरी माती ढळत नसे, असं म्हणतात.

बांधाचे खरे वैरी म्हणजे चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे. चिंबोरी बांधात बीळ करते, बिळातून पाणी झिरपतं, आज बोटाएवढं तर उद्या मनगटाएवढं. घरोघरची माणसं आपापला वाटा बघायची, पण माणसंच ती. कोणाला ताप आला, कोणाकडे हळद असली, की चार दिवस राहून जायचं. पदीबाय हे बघायची आणि तिचा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. मग तिने एक उद्योग सुरू केला. ओहोटी असली आणि दुपारी गाव जेवून आडवं झालं, की ती बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायची. दिसलं बीळ की घेतला चिखल, भरलं, वरून तळवा दाबला, पुढे चालली. कोणाला सांगायची नाही. सांगितलं असतं तर साठ घरांशी साठ भांडणं झाली असती.

पण तळव्याचा ठसा मागे राहायचा. हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की आपल्या बांधावर कोणाचा तरी हात उमटतो आणि तिथलं बीळ बुजलेलं असतं. हाताला बोटं मोजून चार. आता गावात चार बोटांचं माणूस एकच, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण एक बाईमाणूस आपला बांध राखतंय हे मानण्यापेक्षा देव राखतोय हे मानणं सोपं गेलं. कोणीतरी म्हणालं, हा बांधदेव. दुसऱ्या दिवशी ठशांवर हळदकुंकू दिसलं, पुढच्या महिन्यात नारळ फुटले. पदीबायही एकदा नारळ घेऊन गेली आणि आपल्याच हाताच्या ठशाला डोकं टेकवून आली, असं म्हणतात. घरी येऊन तिने दार लावलं आणि पोट दुखेपर्यंत हसली, हे मात्र म्हणतात असं नाही, हे मला ठाऊक आहे. कोणीही हसलं असतं.

देव राखणदार मिळाल्यावर गाव सुस्तावलं. ज्या घरची माणसं आठवड्यातून दोनदा बांधावर जायची ती महिन्यातून एकदा जायला लागली. सगळ्यात जास्त सुस्तावले ते आंबो पाटील. वरच्या पाड्यातले, पाच मुलांचे बाप, आवाज असा की तळ्यावरचे बगळे उडायचे. त्यांचा वाटा पदीबायच्या वाट्याला लागून. माझ्या बांधावर देवाचे हात सगळ्यात जास्त उमटतात, असं ते चारचौघांत सांगायचे. ते खरंच होतं, कारण बिळंही त्यांच्याच वाट्यात सगळ्यात जास्त होती.

एका दुपारी आंबो पाटलांना झोप लागेना, म्हणून ते बांधावर फिरायला गेले. बघतात तो पदीबाय त्यांच्या वाट्यावर गुडघे टेकून बसलेली आणि हात कोपरापर्यंत बिळात.

"माझे बांधाला हात लावाला तुला कोनी सांगला?" पाटील ओरडले. "आमचे घरान मानसा नाय क?"

पदीबायने हात बाहेर काढला, पदराला पुसला. "हायेत, दादूस. पन पान्याला ठाव नाय, कोनचा वाटा कोनाचा."

संध्याकाळी देवळापुढे गाव बसलं. खरं तर गावाने लाजायला हवं होतं, पण लाज वाटली की माणूस आधी रागावतो. साठ घरांचा अपमान केला म्हणून पदीबायला उभं केलं. तिला गावदेवीची शपथ घ्यायला लावली की आपला वाटा सोडून दुसऱ्याच्या बांधाला ती हात लावणार नाही. तिने वाद घातला नाही. शपथ घेतली, घरी गेली, आणि त्या रात्री जेवली नाही. तिला आपल्या मानाचं काही नव्हतं, तिला भाताची काळजी होती.

हे झालं आषाढात. पुढे महिनाभर कोणाच्या बांधावर हात उमटला नाही. चिंबोऱ्यांचं मात्र बरं चाललं होतं.

मग नारळी पौर्णिमा आली. पौर्णिमेचं उधाण आपल्याकडे भर दुपारी चढतं, हे तुम्हाला माहीत आहे. आत भात गुडघ्याच्या वर आलं होतं, हिरवंगार. घरटी एक माणूस बांधावर राहिलं आणि बाकी गाव नटूनथटून, नारळ घेऊन बंदरावर गेलं. आंबो पाटलांचे पाचही मुलगे तिकडेच. पाटील एकटे आपल्या वाट्यावर बसले होते, आणि शेजारी आपल्या वाट्यावर पदीबाय.

असं उधाण त्याआधी कधी आलं नव्हतं, असं म्हणतात. तिवरांचे शेंडे बुडाले. पाणी बांधाच्या कडेला येऊन थांबलं आणि तिथून गाव बघायला लागलं. मग महिनाभराची बिळं बोलायला लागली. इथून धार, तिथून धार. साठ माणसं आपापल्या साठ वाट्यांवर धावत सुटली. कोणाचं कोणाकडे लक्ष नव्हतं.

आंबो पाटलांच्या वाट्यात घागरीएवढं भगदाड पडलं. पाटलांनी गोळा टाकला, वाहून गेला. दुसरा टाकला, तोही गेला. चिखल खणायला खाली उतरावं तर भगदाड मोठं होई, आणि भगदाडाशी थांबावं तर हातात चिखल नाही. एकट्या माणसाचं ते काम नव्हतंच. पदीबाय खुंटापाशी येऊन उभी राहिली. तिचा बांध धड होता. पण शपथ होती, आणि खुंटाच्या पलीकडे तिला हात लावता येत नव्हता.

"आंबोदादूस," ती म्हणाली, "तुझे बांधाला मी हात नाय लावनार. पन चिखल माझा हाय. देऊ क?"

पाटलांनी तिच्याकडे बघितलं. आयुष्यात त्यांनी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. पाणी घोट्याला लागलं तरी तोंडातून शब्द फुटेना. मग पाणी गुडघ्याला लागलं आणि आंबो पाटलांचा तो आवाज एवढासा झाला.

"दे गो, बाय."

पदीबायने द्यायला सुरुवात केली. प्रत्येक घर अडीअडचणीसाठी चिखलाचा ढीग रचून ठेवायचं, तिचाही होता; देवावर भिस्त ठेवून पाटलांनी मात्र तो रचलाच नव्हता. गोळा उचलायचा, खुंटावरून पाटलांच्या हातात द्यायचा, पाटलांनी थापायचा. तिने पाऊल आपल्या बाजूला ठेवलं, खुंट ओलांडला नाही. ढीग संपला. भगदाड अजून निम्मं उघडं होतं. तेव्हा पदीबाय वळली आणि तिने आपल्याच बांधाचा माथा खणायला घेतला. म्हैस चालली तरी न ढळणारा तो बांध, नवऱ्यामागे रोज जपलेला. एकेक गोळा तोडत ती पाटलांच्या हातात देत राहिली. पाटलांना कळत होतं ती काय करतेय. ते रडत होते आणि थापत होते.

भगदाड बुजलं. आणि त्याच क्षणी पदीबायचा बारीक झालेला वाटा मधोमध फुटला.

आता ऐका, इथेच खरी गोष्ट आहे. फुटल्याचा आवाज कोसभर गेला. साठही घरांच्या माणसांनी वळून बघितलं. सगळे धावत तिच्या खुंटापर्यंत आले आणि खुंटापाशी थांबले. पाणी पदीबायच्या भातात पडत होतं, तिथून सगळ्यांच्या भातात जाणार होतं, आणि तरी माणसं उभी. इतक्या पिढ्यांची सवय पायांत होती. हिच्या वाट्याला हात लावायचा म्हणजे हिच्या घरात कोणी नाही असं तोंडावर म्हणायचं. आणि ते तर खरंच होतं, म्हणून जास्तच अवघड.

पदीबाय पाण्यात कमरेपर्यंत उभी होती. आंबो पाटील पुढे झाले. चिखलाचा गोळा हातात, पाय खुंटाच्या अलीकडे.

"पदे," त्यांनी विचारलं, "हात लावू?"

"लाव, दादूस," ती म्हणाली. "सगलीजना लावा."

पाटलांनी खुंट उपटला आणि फेकून दिला. तोवर आवाज ऐकून बंदरावरचं गावही धावत आलं होतं, आणि माणसांची रांग लागली. याच्या हातातून त्याच्या हातात, म्हातारे, बाया, वरचा पाडा, खालचा पाडा, कोण कुठे थापतंय हे कोणी विचारलं नाही. ओहोटी लागेपर्यंत बांध उभा राहिला. पदीबायच्या शेताचा एक कोपरा गेला. बाकी सगळं भात वाचलं, आणि गाव वाचलं.

पाणी उतरल्यावर लोकांनी बघितलं, तर ओल्या चिखलावर शेकडो हात उमटले होते. लहान हात, मोठे हात, बायांचे, पुरुषांचे. आणि प्रत्येक हाताला बोटं चारच होती, असं म्हणतात. आंबो पाटलांनी आपला पाच बोटांचा हात ठशावर ठेवून बघितला. एक बोट बाहेर राहिलं.

पदीबायचं पुढे काय झालं याबद्दल दोन मतं आहेत. काही म्हणतात, ती ओहोटीबरोबर चालत खाडीत गेली आणि बांधदेवी झाली. मी दुसऱ्या मताचा आहे. इतका चिखल उपसल्यावर बाईला भूक लागली असणार. ती घरी गेली, तांदळाची भाकर आणि बोंबलाचं कालवण केलं, आणि पुढे वीस वर्षं जगली. त्या वीस वर्षांत तिच्या वाट्याला चिखल कधी कमी पडला नाही. माणसाला देवी करायची आपल्याला फार घाई असते. देवी झाली की तिच्या घरी मदतीला जावं लागत नाही.

आता आत भात नाही. भाताच्या जागी टॉवर आहेत, पण त्यांची जमीनही भरतीहून खालीच आहे, हे बिल्डर सांगत नाही, म्हणून मी सांगतो. तेव्हा उद्या दुपारी, उधाणाच्या आधी, घरटी एक माणूस बांधावर येईल. टॉवरातली माणसंही येतात, बाल्कनीतल्या कुंडीतली माती पिशवीतून आणतात, आणि ती चालते. माती भिजवायची, गोळा करायचा, करंगळी मुडपायची आणि बाकीच्या चार बोटांनी तो शेजाऱ्याच्या वाट्यावर थापायचा. आधी शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं, "हात लावू?" त्याने "लाव" म्हटल्याशिवाय थापायचं नाही.

गेल्या वर्षी एक नवीन बाई आल्या होत्या, अठराव्या मजल्यावरच्या, हातात कुंडीची माती. इथे येऊन महिना झाला होता त्यांना, ओळख कोणाशी नाही. बिचाऱ्या बराच वेळ कडेला उभ्या होत्या. मग त्यांनी मलाच विचारलं, "काका, माझा वाटा कुठला?"

मी म्हटलं, "तुमचा सोडून कुठलाही."