टिंगीचा अक्रोड आणि लॅटिन आजीचं दार

टिंगी उंदरीण एवढीशी. तिचा अक्रोड केवढा! गडगड गडगड गेला लॅटिन आजीच्या घरात, आणि मागे दार लागलं. दार जडच जड, घट्ट बसलेलं. आजी म्हातारी. तिला आतून उघडेना.

टिंगी सकाळपासून उपाशी. तिला आला राग. शेपटी आपटली, फट्!

आजीनं गाढव, बैल, कोंबडा, अस्वल अशा चौघांना वाढवलं होतं. आपली लॅटिन भाषा बोलायला शिकवली होती. आता चौघं चार देशांत, एकमेकांवर रुसलेले. टिंगी निघाली त्यांना बोलवायला.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. इटलीत भेटलं गाढव.

"गाढवदादा, दार ढकलायला ये!"

"आमच्याकडे 'ये'ला 'व्येनी' म्हणतात."

"व्येनी!"

"बैल आला, तरच मी येणार."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. स्पेनमध्ये भेटला बैल.

"गाढवाला म्हटलं व्येनी, गाढव येईना. अक्रोड माझा मिळेना. बैलदादा, तू तरी ये!"

"आमच्याकडे 'बेन' म्हणतात."

"बेन!"

"कोंबडा आला, तरच मी येणार."

टिंगीचे कान लाल. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. फ्रान्समध्ये भेटला कोंबडा.

"गाढवाला म्हटलं व्येनी, गाढव येईना. बैलाला म्हटलं बेन, बैल येईना. अक्रोड माझा मिळेना. कोंबडेदादा, तू तरी ये!"

"आमच्याकडे 'व्यँ' म्हणतात."

"व्यँ!"

"अस्वल आलं, तरच मी येणार."

काय हा मेला मानपान! टिंगीचं नाकसुद्धा लाल. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. लांब लांब रोमानिया. तिथं अस्वल, पाठ फिरवून बसलेलं.

"गाढवाला म्हटलं व्येनी, गाढव येईना. बैलाला म्हटलं बेन, बैल येईना. कोंबड्याला म्हटलं व्यँ, कोंबडा येईना. अक्रोड माझा मिळेना. अस्वलदादा, तूही नाहीच म्हणणार ना?"

अस्वल गुरगुरलं, "मला कुणी बोलावतच नाही! म्हणतात, ते लांब राहतं."

"बोलावत नाहीत? म्हणजे काय!" टिंगी आणखीच चिडली. "सांग, तुमच्याकडे काय म्हणतात?"

"वीनो."

"वीनो! वीनो! वीनो!"

अस्वल उठलं. धप धप धप.

अस्वल आलं, मग कोंबडा आला. कोंबडा आला, मग बैल आला. बैल आला, मग गाढव आलं. चौघांनी दार ढकललं. करकर, करकर, धाडकन!

आत आजी. मांडीवर अक्रोड. आजी रागावली होती, पण डोळे ओले. तिनं हात पसरले.

"वेनी!"

व्येनी, बेन, व्यँ, वीनो. चौघांना आजीचा शब्द लगेच कळला. चौघं धावले.

"थांबा!" टिंगी ओरडली. "आधी माझा अक्रोड!"

आजीनं अक्रोड दिला. कट्ट! अक्रोड फुटला, रुसवा सुटला. पहिला तुकडा टिंगीनं खाल्ला. दुसरा अस्वलाला दिला.