कोथिंबिरीचे तुरे

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा माणसाला ऐकून घ्यायची सवय होती, म्हणून माशीसुद्धा त्याच्याशी दोन शब्द बोलत असे.

एका नदीकाठी माळ्यांचं गाव होतं. तिथली जमीन कुणा एकाची नव्हती, साऱ्या गावाची होती. प्रत्येक घराला एक तुकडा कसायला मिळे. त्याबदल्यात नेम एकच. चवळी काढणीला आली की गावजेवणासाठी प्रत्येक घराने शेंगांची भरलेली टोपली आणायची. ज्याची टोपली लागोपाठ तीन वर्षं रिकामी राहील, त्याचा तुकडा दुसऱ्याला जाई.

त्या गावात एक माळी आणि त्याची बायको राहत. माळी कष्टाळू होता, पण टापटिपीचं त्याला वेडच होतं म्हणा ना! त्याच्या वाफ्यात गवताची काडी दिसायची नाही. कोथिंबीर तुऱ्यावर आली, शेपू फुलला, मोहरी पिवळी झाली, की लगेच तो उपटून फेकी. "खायच्या कामाचं नाही, ते पाणी कशाला पितंय?" असं म्हणे.

बायको चिडवायची, "केस पांढरे झाले की मलाही उपटाल एक दिवस!"

एका वर्षी त्याच्या चवळीवर मावा पडला. कोवळे शेंडे काळ्या किड्यांनी गच्च भरले, फुलं गळली, टोपली रिकामी राहिली. दुसऱ्या वर्षी तो डोळ्यांत तेल घालून बसला. माव्यात वळवळणाऱ्या हिरवट, लिबलिबीत अळ्या त्याला दिसल्या. "सापडला चोर!" म्हणत तो रोज सकाळी त्या वेचून चिरडू लागला. पण अळ्या जितक्या मेल्या, तितका मावा वाढला. टोपली पुन्हा रिकामी.

आता एकच वर्ष उरलं. ज्या मातीत बापाने देह झिजवला ती हातची जाणार, या विचाराने बिचाऱ्याला अन्न गोड लागेना. आणि शेजारच्या म्हातारीची चवळी मात्र शेंगांनी लगडलेली! तिचा वाफा कसला, नुसतं रान. भाजीत फुलं की फुलांत भाजी, तेच कळत नसे.

"हिच्याच रानातून माझ्याकडे कीड येते," असं माळ्याने ठरवून टाकलं. रागाच्या भरात विळा घेऊन तो तिच्या बांधावर गेला आणि कोथिंबिरीच्या पांढऱ्या तुऱ्याला त्याने हात घातला.

"दादा, तेवढा तुरा राहू दे," एक बारीक आवाज आला.

तुऱ्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची एक छोटी माशी बसली होती.

"तू कोण गं?" माळ्याने विचारलं.

"मी फुलांतला मध पिऊन राहते. माझी लेकरं मात्र मावा खातात. म्हणून मावा असेल तिथेच मी अंडी घालते. यंदा तुझ्या चवळीवर घातली होती."

"माझ्या चवळीवर? तिथे तर मला नुसत्या हिरव्या अळ्या दिसल्या."

माशी म्हणाली, "तीच माझी लेकरं, दादा."

माळ्याने हातातला विळा खाली ठेवला. "मला ठाऊक नव्हतं गं," एवढंच तो म्हणाला.

"ठाऊक असतं तर तू असं केलं नसतंस. पण ऐक. माझ्या बहिणी आता तुझ्याकडे फिरकत नाहीत. अंडी घालायला अंगात बळ लागतं आणि तुझ्या वाफ्यात मधाचा थेंब नाही. लेकरं तुझ्या राखणीला ठेवायची आणि आम्ही उपाशी मरायचं, हे कसं जमावं?"

दुसऱ्या दिवशी माळी म्हातारीकडे ओंजळभर धणे मागायला गेला. विळ्याची गोष्टही त्याने लपवली नाही. म्हातारी हसून म्हणाली, "धणे हवेत होय? मला वाटलं, माझं गवत काढायला आलास!"

तिसऱ्या वर्षी त्याने चवळीच्या आधीच कडेने धणे, शेपू, मोहरी पेरली आणि फुलू दिली. गाव हसलं. त्याचे हात शिवशिवले. त्यात मावा पुन्हा आला, तेव्हा मात्र त्याचा धीर सुटला आणि तो फुलं उपटायला निघाला. बायकोने हात धरला. "दोन वर्षं तुमच्या घाईचं ऐकलं. आता चार दिवस त्या माशीचं ऐकू."

चार दिवसांनी शेंड्यांवर हिरव्या अळ्या दिसू लागल्या. माळ्याने एकीलाही बोट लावलं नाही. हळूहळू मावा विरळ झाला. थोड्या शेंगा वाया गेल्या, पण टोपली भरली आणि जमीन राहिली.

गावजेवण उरकून माळी धावत बांधावर गेला. माशीला सांगायचं होतं. पण ती केव्हाच गेली होती. माशीचं आयुष्य ते केवढं! तुऱ्यांवर तिच्यासारख्याच कितीतरी माश्या मध पीत होत्या, त्यांतली एकही त्याला ओळखत नव्हती. माळ्याचे डोळे भरून आले. मावळतीपर्यंत तो तिथेच हात जोडून उभा होता.

बाळगोपाळांनो आणि थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: राखण हवी असेल, तर राखणदाराच्या पोटाची सोय आधी करावी.