पुसलेला पाय

एका नगरात एक चितारी राहत होता. रंगांच्या वाटेला तो कधी गेला नाही. कोळशाची कांडी घ्यायची आणि पांढऱ्या भिंतीवर दौडते घोडे काढायचे, एवढंच त्याचं काम. कोळसा उगाळावा तितका काळाच म्हणतात, पण याच्या हातात तोच कोळसा चौखूर उधळायचा.

त्याच्या घराण्याची एक रीत होती. काढलेली रेघ पुसायची नाही. पुसलीच, तर कांडी कायमची खाली ठेवायची. या रीतीचा चिताऱ्याला भारी ताठा होता.

एकदा लढाईत राजा जबर जखमी झाला. त्याच्या काळ्या घोडीच्याही पुढच्या पायात भाला घुसला होता. तरी ती बिचारी तीन पायांवर दौडत धन्याला घेऊन आली. वेशीत राजाची शुद्ध हरपली आणि घोडीने प्राण सोडला. राजाला तिचं शेवटचं दर्शनसुद्धा घडलं नाही.

बरा झाल्यावर त्याने चिताऱ्याला बोलावलं. "या भिंतीवर आमची घोडी काढा. शेवटच्या दिवशी धावली, तशी."

चिताऱ्याला सगळी हकिगत ठाऊक होती. पण लंगडती घोडी काढायची? लोक काय म्हणतील? त्याने ऐटबाज, वाऱ्यावर स्वार झालेली घोडी काढली. दरबारी माना डोलवू लागले.

राजाने चित्र जवळून निरखलं. मग म्हणाला, "देखणी आहे. पण ही आमची नव्हे. हिला काहीच दुखत नाही." आणि तो जायला वळला.

त्याची वाकलेली पाठ पाहून चितारी पुढे झाला.

"महाराज, थांबा."

"आता काय करणार? तुम्ही तर रेघ पुसत नाही."

"आज पुसतो."

त्याने तळव्याने घोडीचा पुढचा पाय पुसला. कोळसा पसरला, त्याची धूळ झाली. त्या धुळीत त्याने जमिनीला न टेकणारा, आखडलेला पाय काढला आणि तिची मानही पुसून खाली झुकलेली काढली.

राजाने भिंतीला कपाळ टेकलं. "आलीस गं बाई," म्हणत तो ढसाढसा रडला.

चिताऱ्याने कांडी खाली ठेवली. राजाने परोपरीने विनवलं, पण त्याने ती पुन्हा उचलली नाही. त्याचे बाकीचे घोडे लोक केव्हाच विसरले. तीन पायांवरची ती घोडी मात्र त्यांना अजून आठवते.

तात्पर्य: आपलं नाव सगळेच जपतात, पण दुसऱ्याच्या दुःखासाठी जो ते पुसायला तयार होतो, तोच खरा मोठा.