सतरा नंबरचा बिल्ला

तलावावरची स्पीडबोट धक्क्याला आदळली आणि माझा, एका शिंप्याचा, उजवा हात मोडला. ग्राहक मंचात बोटक्लबचे मालक भाऊसाहेब ऐटीत म्हणाले, "हे बोटीत बसलेच नव्हते. रस्त्यावर घसरले आणि आता भरपाई मागतायत!"

माझ्या वकील निमकरबाईंनी विचारलं, "भाऊसाहेब, तुमच्याकडे चपला कधी जमा करतात?"

"बोटीत चढताना, नंबरचा बिल्ला देऊन. उतरल्यावर लोक तो बिल्ला दाखवून चपला परत घेतात."

बाईंनी माझा सतरा नंबरचा बिल्ला पुढे ठेवला. "यांना अनवाणीच दवाखान्यात नेलं. रस्त्यावर घसरलेल्या माणसाच्या चपला अजून तुमच्या खणात कशा?"

मंचाने निकाल माझ्या बाजूने दिला. भरपाई मिळाली.

हात बरा झाल्यावर मी पहिला शिवला तो निमकरबाईंचा काळा कोट.