सगुणाबाईचे गाऱ्हाणे

जिवंत मुलगा मेला असे आईला वाचून दाखवणाऱ्याला काय शिक्षा होते, ठाऊक आहे तुम्हांला? ऐका तर.

फार वर्षांपूर्वी कातळवेळ गावात सगुणाबाई तांडेल नावाची विधवा राहत असे. तिचा एकुलता एक मुलगा दत्ताराम आरमारात वैमानिक झाला. जहाजाच्या पाठीवरून तो विमान असे उचली की लाटेला कळत नसे, असे म्हणतात.

लढाई जुंपली. एके दिवशी सरकारी कागद आला. गावात राहिलेल्यांत अक्षरओळख होती ती एकट्या भिकाजीला, सगुणाबाईच्या चुलत दिराला. नारळी पौर्णिमेचा पहिला नारळ वाहण्याचा मान तिच्या घराचा होता. वारस उरला नाही तर तो मान भिकाजीकडे जाणार होता. त्याने कागद वाचला आणि मान खाली घातली.

"वहिनी, दत्ता गेला. दर्याने नेला."

"भावजी, पिंड मी घालणार नाही," ती म्हणाली. कागद तिने गावदेवीच्या पायांशी ठेवला आणि दर सोमवारी देवीपुढे गावातर्फे गाऱ्हाणे, म्हणजे विनवणी, घालणाऱ्या गुरवाला ती म्हणाली, "गाऱ्हाण्यात त्याचे नाव घ्या."

"बाई, गाऱ्हाणे पाण्यावरच्यांचे. आभाळातल्याला देवी काठ कुठून देणार?"

"आभाळ काय तिच्या हद्दीबाहेर आहे?"

गुरवाने गाऱ्हाण्यात दत्तारामचे नाव घेतले. दर सोमवारी ती गाऱ्हाण्याला उभी राही. दत्ताराम तेव्हा शत्रूच्या कोठडीत होता. जहाज कुठे आहे, हे त्याने मार खाऊनही सांगितले नाही. समुद्र तेथून शंभर कोस. तरी दर सोमवारी कोठडीची भिंत पाझरे आणि ते पाणी खारट लागे, असे म्हणतात. घराने आपल्याला सोडलेले नाही, हे त्याने त्यावरून ओळखले.

वर्षाने कैदी सुटले. दत्ताराम दारात उभा राहिला.

"किती वाळलास रे! आधी जेव," एवढेच ती म्हणाली, आणि वर्षात प्रथमच स्वतःही पोटभर जेवली.

मग त्याने देवीपुढचा कागद सर्वांदेखत वाचला: 'जिवंत आहे. युद्धकैदी आहे.' भिकाजीला कोणी हात लावला नाही. दत्तारामने रजेत आईला अक्षरे शिकवली आणि तो पुन्हा विमानावर गेला. पुढे कित्येक वैमानिक त्याच्या हाताखाली तयार झाले.

कातळवेळचे गाऱ्हाणे आजही 'पाण्यावरच्याला, आभाळातल्याला, परक्याच्या कोठडीतल्याला काठ दे' असे घातले जाते.

आणि भिकाजी? त्याच वर्षी त्याच्या डोळ्यांपुढची अक्षरे पुसली गेली, असे म्हणतात. माणसे दिसत, अक्षर दिसत नसे. त्याचा मुलगा परमुलखी जहाजावर होता. त्याचे प्रत्येक पत्र घेऊन भिकाजीला सगुणाबाईच्या ओटीवर बसावे लागे, आणि ती वाचील ते खरे मानण्यावाचून त्याला मरेपर्यंत गत्यंतर उरले नाही.