पिवळ्याची अर्धी घरटी

कॉम्प्युटरवाली माणसं जन्माला यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, पण नवं काही निघालं, की हातातलं अर्धं टाकायचं, हा आजार तोच. विहिरीवरच्या बाभळीवर पिवळ्या नावाचा सुगरण पक्षी राहायचा. त्यांच्यात नरानं घरटं विणायचं आणि मादीनं येऊन ते पारखायचं, अशी रीत.

पिवळ्याची चोच झपाझप चालायची. पण घरटं अर्ध्यावर आलं, की शेजारचा कुणी म्हणायचा, "अजून गवतच? आता सगळे उसाच्या पात्यानं विणतात!" झालं! यानं ते टाकलं आणि दुसरं धरलं. मग शिंदीचे तंतू निघाले, म्हणून तिसरं. मग कुठलीशी नवी गाठ निघाली, म्हणून चौथं. त्या गाठीवरून बाभळीवरचे सगळे नर मेले दुपारभर भांडायचे, गळ्याच्या शिरा ताणून.

एके दिवशी अंड्यावर आलेली सुगरण तिथं उतरली. "चार दिसतायत. राहण्याजोगं कुठलं?"

"हे बघ," पिवळ्या फुगून म्हणाला, "ही गाठ अख्ख्या बाभळीत कुणाला येत नाही."

"याला बूड कुठाय?"

"बूड काय, बसेल मागाहून."

"आणि अंडी तोवर कशात ठेवू, तुझ्या गाठीत?"

शेजारच्या फांदीवर एका म्हाताऱ्या नरानं साध्या गवताचं घरटं पुरं केलं होतं. ओबडधोबड होतं, पण बूड होतं. ती तिकडं उडाली.

"अगं, ते जुन्या गवताचं आहे!" पिवळ्या ओरडला.

तोवर ती आत शिरून बसलीसुद्धा. पिवळ्या शेजाऱ्याकडं वळून म्हणाला, "हिला विणकामातलं ओ की ठो कळत नाही," आणि त्यानं पाचवं सुरू केलं.